खरं-खोटं राहू द्या, हॉटेलचं बिल कोण भरतं?

‘द रेसलर’च्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. शाळेचा वर्ग, आजूबाजूला लहान मुलांची खेळणी, आणि त्यात खुर्चीवर पाठमोरा बसलेला एक थोराड, दमलेला माणूस. कार्यक्रमाचा आयोजक आत येतो, थोड्याशा नोटा त्याच्या हातात ठेवतो आणि गर्दी याहून जास्त होईल असं वाटलं होतं, असं काहीतरी ओशाळून म्हणतो. माणूस वाद घालत नाही. गाडी चालवत घरी जातो, तर राहत्या ट्रेलरला मालकाने कुलूप ठोकलेलं, कारण भाडं थकलंय. तो व्हॅनमध्ये झोपतो.

डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा हा २००८चा चित्रपट. त्याला व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळालं, मिकी रूर्कला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्यावर जे लिहिलं गेलं ते बहुतेक रूर्कच्या पुनरागमनाबद्दल, म्हाताऱ्या होत चाललेल्या शरीराबद्दल, बाप-लेकीच्या तुटलेल्या नात्याबद्दल. ते सगळं चित्रपटात आहेच. पण मला तो दरवेळी पैशांचा चित्रपट वाटतो. निदान पहिला अर्धा तास तरी नक्कीच.

आपल्या पिढीला प्रो-रेसलिंग भेटलं ते टीव्हीवर आणि ट्रम्प कार्ड्सवर. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. शाळेच्या बसमध्ये आपण माणसं अशी आकड्यांनी एकमेकांवर आपटायचो. घरातल्या मोठ्यांचं त्यावर एकच मत असायचं: ‘ते सगळं खोटं असतं रे.’ मग आपण तावातावाने भांडायचो, आणि पुढे इंटरनेट आल्यावर गुपचूप मान्य करायचो की हो, निकाल आधी ठरलेला असतो. खरं की खोटं, या एका प्रश्नात या विषयावरची आपली सगळी चर्चा अडकून पडली. या धंद्यात त्या गुप्ततेला एक शब्द आहे, केफेब. म्हणजे रिंगमधलं वैर बाहेरही खरं असल्याचं नाटक टिकवायचं. ते केफेब कधीच मोडलंय. निकाल ठरलेला असतो हे आता कुणाही पोराला ठाऊक असतं. पण कार्डावर एक रकाना कधीच नव्हता: हा माणूस किती कमावतो, आणि त्यातलं घरी किती नेतो. रेसलिंगवरच्या पुस्तकांकडे आणि चित्रपटांकडे या रकान्यावरून बघायला हवं असं मला वाटतं. तसं बघितलं की त्यांची क्रमवारी बदलते.

तर, ‘द रेसलर’. यातला रँडी ‘द रॅम’ रॉबिन्सन ऐंशीच्या दशकात मोठा स्टार होता. आता न्यू जर्सीत शनिवार-रविवारी छोट्या हॉलमध्ये खेळतो आणि आठवडाभर सुपरमार्केटमध्ये खोकी उचलतो. तिथल्या मॅनेजरकडे जास्तीचे तास मागतो आणि टोमणे ऐकून घेतो. पण अ‍ॅरोनॉफ्स्कीची खरी हुशारी खर्चाच्या बाजूला आहे. ज्या माणसाकडे भाड्याला पैसे नाहीत तो जिमच्या लॉकर रूममध्ये एका विक्रेत्याकडून स्टेरॉइड्स घेतो, पार्लरमध्ये केस सोनेरी करून घेतो, त्वचा तांबूस दिसावी म्हणून टॅनिंग मशीनमध्ये जाऊन पडतो. पहिल्यांदा बघताना हे उधळपट्टीसारखं किंवा मोठेपणाच्या हौसेसारखं वाटतं. पण ते भांडवल आहे. रिक्षावाल्याने टायर बदलावेत तसा तो शरीर बदलत राहतो, कारण शरीर तसं दिसलं नाही तर पुढच्या शनिवारी त्या थोड्याशा नोटासुद्धा नाहीत. कानात यंत्र आहे, वाचायला चष्मा लागतो, गुडघे गेलेत. कॉमर्सवाले मित्र ज्याला घसारा म्हणतात तो इथे डोळ्यांना दिसतो.

चाहत्यांना सह्या द्यायचा एक कार्यक्रम आहे त्यात. सभागृहात टेबलं मांडलेली, त्यामागे जुने खेळाडू, समोर तुरळक गिऱ्हाईक. रँडीची नजर टेबलाखाली जाते: कुणाचा पाय कृत्रिम, कुणाला लघवीची पिशवी लावलेली. एकही संवाद नाही. हा प्रसंग मला अख्ख्या चित्रपटात सर्वात चांगला वाटतो, शेवटच्या त्या प्रसिद्ध उडीपेक्षा कितीतरी चांगला.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. रँडीला हार्ट अ‍ॅटॅक येतो, बायपास होते. अमेरिकेत, विमा नसण्याचीच शक्यता जास्त असलेल्या माणसाची बायपास! पण दवाखान्याचं बिल पडद्यावर येत नाही. डॉक्टर येतात, सल्ला देतात, आणि चित्रपट मुलीकडे, प्रेमाकडे, एकटेपणाकडे वळतो. ट्रेलरच्या भाड्याचा हिशेब ठेवणारा दिग्दर्शक सर्वात मोठा खर्च मात्र गाळतो. तसंच, ज्या कंपनीने रँडीला ऐंशीच्या दशकात स्टार केलं, त्याच्या नावाचे बाहुले आणि व्हिडिओ गेम विकले, ती चित्रपटात कुठेच नाही. तिचं ना ऑफिस दिसतं, ना करार. त्यामुळे रँडीचं वाटोळं त्याच्या स्वभावामुळे झालं असं वाटत राहतं. लेकीला दिलेला शब्द तो विसरला, टाळ्यांशिवाय त्याला जगता आलं नाही. शोकांतिका म्हणून हे देखणं आहे. हिशेब म्हणून अपुरं आहे.

कारण करार हाच या धंद्याचा गाभा आहे. अमेरिकेतली सर्वात मोठी कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या खेळाडूंना नोकर मानत नाही, ते ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’. ऐंशीच्या दशकात तर ठरलेला पगारच नव्हता. त्या रात्रीच्या गल्ल्यातून मालकाला वाटेल तेवढा वाटा मिळायचा. पुढे वर्षाला किमान इतके मिळतीलच अशी हमी करारात येऊ लागली. पण प्रवासाचा हिशेब वर्षानुवर्षं असा: विमानाचं तिकीट कंपनीचं, भाड्याची गाडी, हॉटेल आणि जेवण खेळाडूचं. रिंगमध्ये दुखापत झाली तर उपचार कंपनी करते, पण आरोग्यविमा आपापला. जोरात असलेल्या काळात हे लोक वर्षातले अडीचशे-तीनशे दिवस रस्त्यावर असायचे. म्हणून तर यांच्या आठवणींमध्ये रिंगपेक्षा भाड्याच्या गाड्याच जास्त: तिघा-चौघांत एक गाडी, एका खोलीत जमतील तेवढे, रात्री दोनला उघडं असलेलं एखादं हॉटेल, आणि सकाळी जिम शोधत फिरणं. अगदी खालच्या पायरीवरच्या पोरांच्या कमाईला या धंद्यात ‘एक हॉटडॉग आणि शेकहँड’ म्हणतात. तिथे टी-शर्ट आणि फोटो विकायचं टेबल हाच खरा पगार.

कोड लिहिणारा माणूस असल्यामुळे हे आकड्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आकडे माझे, फक्त अंदाज यावा म्हणून. समजा वर्षाला एक लाख डॉलरची हमी आहे. ऐकायला छान. आता वर्षातले २०० दिवस रस्त्यावर, आणि हॉटेल, गाडीतला वाटा आणि जेवण मिळून दिवसाला १५० डॉलर धरू. ३०,००० गेले. उरलेल्या ७०,००० वर अमेरिकेत स्वयंरोजगाराचा कर १५.३ टक्के. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा जो अर्धा वाटा नोकरी असती तर मालकाने भरला असता, तोही यांनीच भरायचा. म्हणजे साधारण आणखी दहा हजार. इन्कम टॅक्स अजून लागलेलाच नाही. मग विमा, बूट, पोशाख, जिम. आणि हे दहा-बारा वर्षं टिकलं तर नशीब, असं करिअर.

(आमच्या क्षेत्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. मी पहिल्यांदा ज्या ऑफिसात लागलो तिथे थर्ड पार्टी पेरोलवरच्या लोकांच्या आयकार्डाची दोरी वेगळ्या रंगाची होती. काम तेच, डेडलाइन तीच, दिवाळीच्या मिठाईच्या यादीत नाव नाही. अर्थात आम्हाला कुणी खुर्चीने मारत नव्हतं.)

करार समजला की मिक फोलीचं ‘हॅव अ नाइस डे’ हे १९९९चं आत्मचरित्र फार वेगळं वाचता येतं. फोलीने ते स्वतःच्या हाताने, लेखनिक न घेता, शेकडो पानं खरडून लिहिलं, आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गद्य ओबडधोबड आहे, विनोद बरेचदा फसलेत, काटछाट करायला हवी होती. पण हा माणूस पैशांबद्दल लाजत नाही. कॉलेजात असताना शनिवार-रविवारी न्यूयॉर्क राज्यातून पेनसिल्व्हेनियात शिकायला जायचं आणि गाडीत झोपायचं. सुरुवातीच्या वर्षांत टेनेसी-टेक्सासमध्ये एका रात्रीचे मिळायचे ते पेट्रोलातच जायचे. आपल्या चिक्कूपणाची तो स्वतःच थट्टा करतो, आणि हळूहळू लक्षात येतं की या धंद्यात टिकण्यासाठी तो चिक्कूपणा हे टॉप रोपवरून उडी मारण्याइतकंच लागणारं कौशल्य आहे. १९९४ मध्ये म्युनिकला दोरांत अडकून त्याच्या उजव्या कानाचा तुकडा गेला. २० ऑगस्ट १९९५ ला जपानमधल्या कावासाकीत काटेरी तारा आणि स्फोटकं लावलेल्या फळ्यांमध्ये एकाच दिवशी सामने खेळून त्याने ‘किंग ऑफ द डेथमॅच’ ही स्पर्धा जिंकली. फोलीच्या सांगण्यानुसार त्याचे ३०० डॉलर मिळाले.

अ‍ॅरोनॉफ्स्कीने हा आकडा दाखवला असता तर मागे गिटार वाजली असती. फोली तो किराणा दुकानाच्या वहीत लिहावा तसा लिहितो आणि पुढे जातो. म्हणून तो जास्त लागतो.

हाच फोली बॅरी ब्लॉस्टीनच्या ‘बियाँड द मॅट’ या १९९९च्या माहितीपटात आहे. जानेवारी १९९९ मधली ‘आय क्विट’ मॅच. हात पाठीमागे बेड्यांत अडकवलेले, आणि द रॉक त्याच्या डोक्यात खुर्ची घालतोय, एकदा नाही, अकरा वेळा. रिंगजवळ त्याची बायको आणि दोन लहान मुलं रडतायत. सामन्याआधी द रॉक त्याच मुलांशी प्रेमाने बोलताना आपण बघितलेला असतो. ‘खरं की खोटं’ हा प्रश्न इथे अक्षरशः निरुपयोगी होतो: वैर खोटं आहे, खुर्ची खरी आहे. नंतर ब्लॉस्टीन ते चित्रण फोलीला दाखवतो आणि त्याचा चेहरा पडतो. ब्लॉस्टीन मुळात चाहता, त्यामुळे तो प्रश्न विचारतो ते बायको-मुलांना काय वाटलं याचे. अकराव्या खुर्चीचे किती, पाच ठरले असताना अकरा मारल्याचा जादा भत्ता मिळतो का, असं तो विचारत नाही. इतक्या जवळ कॅमेरा गेलेला असताना!

असं कुणी विचारलंच नाही असं नाही. जेसी व्हेन्चुराने १९८६ मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या आधी, खेळाडूंची युनियन काढायचं बोलून दाखवलं. ही बातमी मालक विन्स मॅकमहनपर्यंत हल्क होगनने पोहोचवली, हे पुढे कोर्टकचेरीत आपल्याला कळलं, असं व्हेन्चुरा सांगत आलाय. सर्वात जास्त कमावणाऱ्याने सर्वात आधी मालकाला फोन करायचा, हे समजायला रेसलिंग बघावं लागत नाही. त्याच व्हेन्चुराने व्हिडिओ कॅसेटच्या रॉयल्टीसाठी खटला भरला आणि १९९४ मध्ये ज्युरीने त्याला सुमारे ८ लाख १० हजार डॉलर दिले. २००८ मध्ये रेवन या नावाने खेळणाऱ्या स्कॉट लेव्हीसह तिघांनी ‘आम्ही कॉन्ट्रॅक्टर नाही, नोकर आहोत’ म्हणून दावा केला. तो मुदतीच्या मुद्द्यावर निकाली निघाला, मूळ प्रश्नाला हात न लागता. २०१९ मध्ये रेसलमेनियाच्या तोंडावर जॉन ऑलिव्हरने आपल्या विनोदी कार्यक्रमात याच कराराची चिरफाड केली. इतक्या वर्षांच्या चित्रपट समीक्षेला जे जमलं नाही ते एका कॉमेडियनने वीस-पंचवीस मिनिटांत केलं, हे थोडं लागतं.

मग आलं २०२०. त्या सप्टेंबरमध्ये कंपनीने खेळाडूंना ट्विच, कॅमिओसारख्या ठिकाणी परस्पर कमाई करण्यावर बंधनं घातली. म्हणजे विम्याची वेळ आली की तुम्ही स्वतंत्र. स्वतःच्या खोलीत बसून व्हिडिओ गेम खेळून चार पैसे मिळवायची वेळ आली की तुम्ही आमचे. झेलिना व्हेगाने १३ नोव्हेंबरला युनियनला आपला पाठिंबा असल्याचं ट्विट केलं आणि त्याच दिवशी तिला सोडल्याची कंपनीची घोषणा आली. पुढच्या वर्षी ती परत आली. घर चालवायचं असतं. ही कंपनी आता नेटफ्लिक्सवर आहे, १० वर्षांचे ५ अब्ज डॉलर. या प्रसंगावर अजून कुणी चांगली गोष्ट लिहिलेली माझ्या वाचनात नाही. त्यात रक्त नाही, केस सोनेरी केलेला नायक नाही. एक मुलगी, एक कॅमेरा, एक ईमेल.

‘द रेसलर’कडे पुन्हा जाऊन एका पात्राबद्दल सांगायचंय. चित्रपट २००८चा आहे, तेव्हा स्पॉइलरची तक्रार नको. शेवटच्या सामन्यात रँडीसमोर त्याचा वीस वर्षांपूर्वीचा शत्रू असतो, ‘द आयातोल्ला’. इराणी खलनायकाचं सोंग घेणारा हा माणूस प्रत्यक्षात बॉब, आणि अ‍ॅरिझोनात गाड्या विकतो, धंदा बरा चाललाय. त्याच्या वाट्याला मोजकीच वाक्यं आहेत. या अख्ख्या चित्रपटात वेळेवर बाहेर पडून हिशेब जमवलेला माणूस हाच, आणि दिग्दर्शकाला त्यात काडीचा रस नाही. त्याने पैसे कधी साठवले? कुणी सल्ला दिला? खलनायकाला स्टारपेक्षा कमी मिळत असणार, मग त्याला कसं जमलं? रँडी छातीत कळ आल्यामुळे डळमळतोय हे रिंगमध्ये सर्वात आधी त्यालाच कळतं. सोंग न सोडता, प्रेक्षकांना कळू न देता, तो रँडीला पुन्हा पुन्हा सांगत राहतो की बास झालं, मला पाड आणि संपव. रँडी ऐकत नाही, दोरावर चढतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो. खाली मॅटवर पडून बॉब वाट बघत असतो.