शस्त्र परवाना, आयात आणि साठवण : शस्त्र अधिनियमाची एक चिकित्सा

भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणी १९६४ पासून लहान शस्त्रांसाठी लागणारा दारूगोळा तयार करीत आली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत समाविष्ट झाली. काडतुसे कोठे ठेवावीत, कोणी हाताळावीत, कोठार वस्तीपासून किती अंतरावर असावे, याविषयी अशा निर्माणीत कडक शिस्त पाळली जाते. मात्र काडतूस परवानाधारकाच्या घरात पोहोचले, की त्याच्या साठवणुकीबाबत हीच राज्यसंस्था कितपत जागरूक राहते, हा प्रश्न शस्त्र कायद्यावरील चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. माणसाची पारख करण्यात हा कायदा जेवढी शक्ती खर्च करतो, तेवढी वस्तूच्या राखणीवर करीत नाही, असे त्याच्या तरतुदी बारकाईने वाचल्यावर दिसते.

या असमतोलाचे मूळ इतिहासात आहे. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याचा हेतू बंदुकीपासून घर सुरक्षित ठेवणे हा नव्हता; प्रजेपासून सत्ता सुरक्षित ठेवणे हा होता. युरोपीयांना सूट आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, हा भेद काँग्रेसच्या टीकेचा विषय बराच काळ राहिला. १९२८ चा नेहरू अहवाल आणि १९३१ चा कराची ठराव या दोहोंत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. संविधानात मात्र तो आला नाही. उलट अनुच्छेद १९ ने सभेचे स्वातंत्र्य देताना ‘शांततेने व विनाशस्त्र’ अशी अट घातली. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेशी तुलना करून पुन्हा अधोरेखित केली.

१९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्रासाठी परवाना अनिवार्य आहे. कलम १३ नुसार परवाना प्राधिकाऱ्याने पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावयाचा असतो. कलम १४ नकाराची कारणे सांगते आणि कलम १८ अपिलाची वाट देते. याच कलम १४ मध्ये एक लक्षणीय वाक्य आहे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरीही कायदेकर्त्यांच्या नजरेसमोर होता, हे कलम १३ वरून स्पष्ट होते. वसाहतकालीन कायद्याशी घेतलेली ही खरी फारकत होय, आणि तिचे श्रेय दिले पाहिजे.

तथापि प्रत्यक्ष व्यवहारात शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते, हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील प्रकरणावरून समजते. निवडणूक आली की सर्व परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत, असे सरसकट आदेश निघत. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सरसकटता अमान्य केली आणि छाननी समितीमार्फत प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार व्हावा, अशी भूमिका घेतली. राज्यसंस्था शस्त्राच्या ताब्याबद्दल चिंता करते ती निवडणुकीच्या हंगामात. उरलेल्या काळात तेच शस्त्र कोणत्या कपाटात, कोणाच्या हाताशी आहे, याची विचारपूस होत नाही.

आयातीच्या बाबतीत कायदा आणि धोरण यांची तोंडे दोन दिशांना आहेत. कलम १० आयातीसाठी परवाना मागते. पण त्याचेच परंतुक शस्त्र बाळगण्यास पात्र व्यक्तीला स्वतःच्या वापरापुरते शस्त्र वाजवी प्रमाणात विनापरवाना आणण्याची, तसेच विनिर्दिष्ट देशांच्या पर्यटकाला खेळासाठी शस्त्र आणण्याची मुभा देते. शंका आल्यास सीमाशुल्क आयुक्त माल अडवून ठेवू शकतात. दुसरीकडे आयात धोरणाने सामान्य नागरिकासाठी हा दरवाजा जवळजवळ बंद केला असून नामांकित नेमबाज व रायफल क्लब यांच्यापुरती फट ठेवली आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांतही अग्निशस्त्रे आणि ५० हून अधिक काडतुसे शुल्कमाफीच्या बाहेर होती. केवळ अधिनियम वाचून विमानतळावर उतरणाऱ्याची फसगत ठरलेली. एवढ्या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे.

साठवणुकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. शस्त्र नियम, २०१६ यांनी सुरक्षा-प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र यांना स्थान दिले, ही निश्चितच प्रगती आहे. परंतु हमीपत्र म्हणजे पाहणी नव्हे. ब्रिटनमध्ये पोलीस अर्जदाराच्या घरी जाऊन बंदूक ठेवण्याची व्यवस्था प्रत्यक्ष पाहतात. येथे चारित्र्याची चौकशी कसून होते, कुलपाची होत नाही. शिक्षेचे प्रमाणही बोलके आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नसमारंभात बेदरकारपणे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. परवान्याच्या अटींचा भंग मात्र कलम ३० खालीच राहिला : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडवातील बार सर्वांना ऐकू येतो, उघड्या कपाटाचा आवाज होत नाही. कायद्याने ऐकू येणाऱ्या गोष्टीचीच दखल घेतली. शिवाय मुदत वाढल्याने नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी तपासणीही लांबली.

खरा धोका परवान्याच्या नव्हे, तर बेकायदा शस्त्रांचा आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. चोपडा तालुक्याच्या सीमेवरील उमर्टीचे नाव गावठी पिस्तुलांच्या संदर्भात वारंवार येते, त्यामुळे खानदेशात तरी हा आक्षेप हवेतला नाही. पण दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. गावठी पिस्तूल रोखण्याचे काम तपासयंत्रणेचे. परवान्याच्या बंदुकीपर्यंत घरातील मूल, संतापलेला भाऊ किंवा चोर पोहोचणार नाही, हे पाहण्याचे काम परवाना देणाऱ्याचे. पहिले अवघड आहे म्हणून दुसरे टाळता येत नाही.

वारसाहक्काच्या तरतुदीतही हीच उणीव आढळते. परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्याने वयाची ७० वर्षे अथवा शस्त्रधारणेची २५ वर्षे पूर्ण केल्यावर, वारसाला परवाना देण्याचा विचार २०१६ चे नियम करतात. कलम २१ नुसार ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. म्हणजे घरात सुतक असताना हे काम त्या घरानेच आठवणीने करावयाचे. मृत्यूची नोंद करणारे कार्यालय आणि परवान्याची नोंद ठेवणारे कार्यालय यांनी एकमेकांना कळवावे, एवढी साधी तरतूद जरी झाली, तरी मालकाविना घरात पडून राहणाऱ्या बंदुकीचा पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना वेळेवर लागेल.