‘तारण’, ‘प्रायश्चित्त’ आणि ‘ठरणे’ : मराठी ख्रिस्ती परिभाषेचा एक विचार

वडूजसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत ‘तारण’ हा शब्द कानी पडतो तो बहुधा कर्जाच्या संदर्भात. सोने तारण ठेवून पैसे उचलावयाचे, असा तो व्यवहार. मराठी बायबलात मात्र हाच शब्द पापापासून होणाऱ्या सुटकेचा वाचक आहे. मिशनऱ्यांच्या मराठीवर आजवर जी टीका झाली तिचा रोख तिच्या परक्या वळणावर व ओबडधोबडपणावर होता, आणि ती पुष्कळ अंशी न्याय्यही आहे. तथापि ही भाषा जे सांगू पाहत होती ते तिला सांगता आले की नाही, हा प्रश्न त्या टीकेत क्वचितच उपस्थित होतो.

इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती मताची चार लक्षणे ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली सांगितली : बायबलचे प्रामाण्य, क्रूसावरील मरणाचे केंद्रस्थान, व्यक्तीचे मनःपरिवर्तन आणि कृतिशीलता. यांपैकी मधल्या दोहोंनी मराठी भाषेवर खरा ताण आणला.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द घ्यावा. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सांगणारी धर्मसभा असते, परंतु ते घेणारा पाप करणाराच असतो. क्रियापद कोणतेही असो, दोष आणि प्रायश्चित्त यांचा कर्ता एकच राहतो. ख्रिस्ती सिद्धांतात हा संबंध तुटतो : दोष मनुष्याचा, प्रायश्चित्त ख्रिस्ताचे. खटाव-माण भागातील जत्रेत बोकड कापला जातो तेव्हा देणारा मनुष्य व घेणारा देव असतो. येथे देणाराही देवच. शब्द जुना ठेवून त्याची कारकव्यवस्था उलटी केल्यावर श्रोता जुन्याच अर्थाने तो ऐकेल, हा धोका उघड आहे. परंतु याहून जवळचा शब्द मराठीत कोणता होता, हेही टीकाकारांनी सांगावयास हवे.

‘नीतिमान ठरणे’ हा प्रयोग मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सोळाव्या शतकात लूथरपक्षीय व रोमन पक्ष यांच्यातील वादाचे मर्म हेच होते : मनुष्य देवापुढे नीतिमान गणला जातो, की अंतरंगातून नवा होत जाऊन तसा बनतो? १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने अंतरंगाच्या नूतनीकरणाचा समावेश त्यात केला. प्रॉटेस्टंटांनी गणले जाणे आणि बनणे हे भेद राखले. मराठीत या वादाला ‘ठरणे’ आणि ‘होणे’ अशी दोन सरळ क्रियापदे आहेत. न्यायालयात आरोपी निर्दोष ठरतो. त्या निकालाने त्याच्या स्वभावात काही घडते असे कोणी म्हणत नाही. ज्या प्रयोगाला वाचक रुक्ष म्हणून नाके मुरडतो, त्यात सिद्धांत जसाच्या तसा उतरला आहे. (‘नीतिमान’ हे विशेषण मात्र दुबळे, त्यात सदाचाराचा वास येतो, देवाशी असलेल्या नात्याचा येत नाही.)

‘कृपे’ची अडचण निराळी. वडूजपासून जवळच गोंदवले आहे. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) तेथे रामनामाची परंपरा रुजविली. त्या परिसरातील श्रोत्याला गुरुकृपा आणि नामस्मरण ही एकमेकांत गुंतलेली असतात. कृपेपुढे मनुष्याचे काहीच चालत नाही, ही गोष्ट त्याला नवी नाही. कृपा एकदाच, इतिहासातील एका मरणाने, झाली हे नवे आहे, आणि ते ‘कृपा’ या शब्दात मावत नाही. जन्माविषयीही असेच. पुनर्जन्मातून सुटावे ही ज्याची आकांक्षा, त्याला पुन्हा जन्म घेण्याचे आमंत्रण द्यावयाचे म्हटल्यावर भाषांतरकारांनी ‘पुनर्जन्म’ टाळून ‘नव्याने जन्मणे’ घेतले, हे त्यांचे भान.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. त्यांच्या कवितेत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो. भाषा अस्सल मराठी होते. पण त्या माधुर्यात निकालाची, ‘ठरण्या’ची कठोरता मागे पडते, हे मान्य करावे लागेल. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. १८८३ मध्ये वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत दिली. मराठीत ‘धर्मांतर’ म्हणजे समाज बदलणे. रमाबाईंचे धर्मांतर १८८३ चे आणि मनःपरिवर्तन नंतरचे. या दुसऱ्या घटनेला रूढ मराठीत नाव नव्हते. हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या भाषेत बायबल आणण्याचे जे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केले, त्यामागे ही उणीव असावी, असे मानण्यास जागा आहे. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले.

टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसाठीही. तेथे ‘ठरणे’ हा प्रश्न टळत नव्हता : दरबारात बसणारा, पण बाप्तिस्मा न घेणारा मनुष्य तारलेला म्हणावा की नाही? १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले, आणि त्यांच्या गोड मराठीला या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रसंग फार काळ आलाच नाही.