सामाजिक दायित्व आणि व्यवस्थापनाचे पूर्वानुमान

समाजाविषयीचे दायित्व ओळखणारी कंपनी आपल्या भावी लाभाचे पूर्वानुमानही अधिक प्रामाणिकपणे वर्तविते, असे प्रमेय वाणिज्यशास्त्रात वारंवार मांडले जाते. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण मुळात लाभाच्या आकड्यांविषयीचे संशोधनच एकमुखी नाही. दायित्वशील अमेरिकी कंपन्या आकड्यांत फेरफार कमी करतात, असे किम, पार्क व विअर यांनी २०१२ साली दाखविले. उलट, फेरफार करणारे व्यवस्थापक समाजकार्याचा आडोसा घेतात, असे प्रायर, सुरोका व ट्रिबो यांना २००८ सालीच आढळले होते.

भारतात आणखी एक अडचण आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ लाभाच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कायद्याने करविलेला खर्च हे शीलाचे प्रमाण मानता येत नाही. शिवाय तो गतवर्षांच्या लाभावरून ठरतो. पूर्वानुमानाची दृष्टी मात्र पुढे असते.

या दृष्टीने कराडलगतच्या मलकापूर परिसरातील ऊसशेती उद्बोधक ठरते. सहकारी साखर कारखान्यांना कलम १३५ लागू नाही. परंतु त्यांचे पूर्वानुमान सभासदाच्या दारापर्यंत पोहोचते. नोंदलेल्या क्षेत्रावरून व्यवस्थापन गाळपाचा अंदाज बांधते, आणि त्यानुसार तोडणी-वाहतुकीचे करार व कर्जे ठरतात. अंदाज कमी धरला, तर ऊस शेतात उभा राहून त्याचे वजन घटते. फाजील धरला, तर यंत्रणेचा खर्च अंगावर येतो. दोहोंचा भार अखेरीस उत्पादकच वाहतो.

तथापि प्रत्येक चूक दोषास्पद नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस बुडाला; त्यापूर्वी बांधलेला अंदाज फसणे अपरिहार्यच होते. परंतु वर्षानुवर्षे एकाच दिशेने चुकणारा अंदाज निराळ्या न्यायाने पारखला पाहिजे. तेथे चुकीच्या आकारापेक्षा तिची दिशा आणि दुरुस्ती वेळेवर जाहीर झाली की नाही, या दोन गोष्टी अधिक बोलक्या आहेत.

सारांश, अचूक पूर्वानुमान हे दायित्वाचे फळ आहे काय, हा प्रश्नच अपुरा आहे. ज्यांचे हित अंदाजावर अवलंबून आहे त्यांना तो निःपक्षपातीपणे व वेळेवर सांगणे, हेच दायित्वाचे एक अंग होय. संशोधकाने देणग्यांच्या रकमा मोजण्यापूर्वी हे अंग तपासावे.