हिरव्या झग्याचा हिशेब

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयकचे १४३४ सालचे एक चित्र आहे. ओकच्या फळीवर रंगवलेले, उंचीला जेमतेम पाऊण मीटरहून थोडे अधिक. खोलीत एक पुरुष आणि एक स्त्री उभी आहे. त्याने तिचा हात हातात घेतला आहे. पायाशी कुत्रा, मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा, वर झुंबरात एकच पेटती मेणबत्ती. स्त्रीच्या अंगावर हिरवागार घोळदार झगा असून त्याचा घोळ तिने पोटाशी उचलून धरला आहे.

हे चित्र मी ज्यांना ज्यांना दाखवले, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला उद्गार एकच होता: "नवरी दिसते!" हिरवा चुडा आणि हिरवे लुगडे आपल्या डोळ्यांत मुरलेले असल्यामुळे यात नवल नाही. नवल आहे ते युरोपातल्या जाणकारांचे. मध्ययुगीन लग्नवस्त्रांवरच्या लेखांत एक तक्ता हमखास भेटतो: हिरवा म्हणजे सुफलता, निळा म्हणजे मेरीचे पावित्र्य, लाल म्हणजे प्रेम. आणि हिरव्यासाठी पुरावा म्हणून हेच चित्र पुढे केले जाते. हा तक्ता मला पटत नाही.

मुळात हे लग्नाचे चित्र आहे का? १९३४ साली एर्विन पॅनॉफ्स्की या थोर कलेतिहासकाराने ते म्हणजे रंगवलेला विवाहाचा दाखला आहे, असे मांडले. आरशाच्या वर चित्रकाराने आपण येथे हजर होतो अशा अर्थाची लॅटिन सही केली आहे. पॅनॉफ्स्कीच्या मते ती साक्षीदाराची सही. कुत्रा निष्ठेचा, मेणबत्ती ईश्वराच्या उपस्थितीची. त्याचा भर झग्याच्या रंगावर नव्हता. ती भर नंतरच्यांनी घातली. पण वस्तू दिसली की अर्थ चिकटवायचा, ही सवय त्याच्या निबंधाने लावली.

पॅनॉफ्स्कीने जोडप्याची ओळख जिओव्हानी दि अरिगो आर्नोल्फिनी आणि जिओव्हाना चेनामी अशी धरली होती. १९९७ मध्ये एक कागद प्रसिद्ध झाला आणि या दोघांचे लग्न १४४७ साली झाल्याचे कळले. म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी, आणि चित्रकार वारल्यावर सहा वर्षांनी! आता बहुतेक अभ्यासक चित्रातला पुरुष म्हणजे त्याचा चुलतभाऊ, जिओव्हानी दि निकोलाओ, असे मानतात. त्याची पत्नी कोस्तान्झा १४३३च्या फेब्रुवारीपर्यंत वारली होती. म्हणून मार्गारेट कोस्टर या विदुषीने २००३ मध्ये सुचवले, की चित्रातली स्त्री कदाचित चित्र काढतेवेळी हयातच नव्हती. हा तर्क खरा निघाला, तर सुफलतेचा तो हिरवा रंग एका मृत स्त्रीच्या अंगावर आहे. ती गरोदर असल्याचा समजही टिकत नाही. व्हान आयकने १४३७च्या एका चित्रात संत कॅथरीन या कुमारिकेलाही असेच भरल्या पोटाचे दाखवले आहे. तशी ठेवण तेव्हा सुंदर मानत.

मग हिरव्यात उरते काय? कापड उरते. लोकरीला पक्का हिरवा चढवायचा तर ती दोनदा रंगवावी लागे: एकदा वोडच्या पानांच्या निळ्यात (त्यातले रंगद्रव्य आपल्या निळीतलेच), आणि एकदा वेल्ड नावाच्या रोपाच्या पिवळ्यात. झग्याच्या बाह्यांना कातरलेल्या कापडाच्या थरावर थर झालरी आहेत आणि आतून पांढऱ्या फरचे अस्तर आहे. असल्या अस्तरासाठी खारींच्या पोटाकडची कातडी जोडत. एका झग्याला शेकडो खारी लागत. १४३४च्या ब्रुज शहरातल्या माणसाने हा झगा पाहून आधी काय केले असेल? माझ्या मते मनातल्या मनात किंमत केली असेल.

पांढऱ्याचेही तेच. पांढरी नवरी ही प्रथा रूढ झाली ती १८४०मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरा पोशाख घातल्यानंतर. त्याआधी पांढरा नव्हता असे नाही. इंग्लंडची राजकन्या फिलिपा १४०६च्या लग्नात पांढऱ्या रेशमात होती. पण ही माहिती येते राजघराण्याच्या कपड्यांच्या हिशेबवहीतून, आणि तिथे रेशमाशेजारी फरचीही नोंद आहे. कौमार्याची नाही.

हिशेबाची ही भाषा सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती फ्लॉरेन्समधल्या एका आईच्या पत्रात. (फ्लॉरेन्सचे १४४७ साल मध्ययुगात धरावे की प्रबोधनकाळात, हा वाद पंडितांचा, रंगाऱ्याच्या पिंपाला तो ठाऊक नव्हता.) आलेस्सान्द्रा स्ट्रोत्झी ही विधवा. नवऱ्याला १४३४मध्येच मेदिची पक्षाने हद्दपार केलेले. ऑगस्ट १४४७मध्ये ती नेपल्सच्या मुलाला कळवते, की सोळा वर्षांच्या कातेरिनाचे लग्न मार्को पारेन्ती या रेशीमव्यापाऱ्याशी ठरले आहे. हुंडा एक हजार फ्लोरिन. याहून मोठ्या घरात द्यायची तर चौदाशे-पंधराशे मोजावे लागले असते. मुलगी देखणी म्हणून मार्कोने तिच्यासाठी किरमिजी मखमलीचा झगा करवला आहे. फ्लॉरेन्समधले ते सर्वांत सुरेख कापड, आणि मार्कोने ते आपल्याच कारखान्यात विणवून घेतलेले. लेक बाहेर पडेल तेव्हा तिच्या पाठीवर चारशेहून अधिक फ्लोरिन असतील, असे आई लिहिते.

'किरमिजी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ संस्कृत 'कृमिज', म्हणजे किड्यापासून झालेले. इटालियन 'केर्मिसी'ही त्याच मुळाचा. वाळवलेल्या किड्यांचा हा रंग तेव्हाच्या रंगांत सर्वांत महागांपैकी. आईच्या पत्रात लाल म्हणजे प्रेम असे कुठेच नाही. रेशीमव्यापाऱ्याची नवरी त्याच्याच मागावरचा सर्वांत महाग रंग लेवून गावासमोर निघते, आणि पेढीची जाहिरातही आपसूक होते.

आणि तो झगा तिचा होता का? क्रिस्टियान क्लापिश-झुबेर या फ्रेंच इतिहासकार स्त्रीने फ्लॉरेन्सच्या घरगुती वह्या वाचून दाखवले, की नवऱ्याने लग्नात घातलेली वस्त्रे आणि दागिने त्याच्याच मालकीचे राहत. काही काळाने तो ते विके, उसवून घेई, भाड्यानेही देई. या रिवाजाला तिने बोकाच्चोच्या 'डेकामेरॉन'मधल्या शेवटच्या गोष्टीवरून ग्रिसेल्डाचे नाव दिले. त्या गोष्टीत सरदार गरीब ग्रिसेल्डाला सर्वांदेखत विवस्त्र करून नवी वस्त्रे घालतो आणि बायको करतो. पुढे घालवून देताना सगळे काढून घेतो. ती आणलेल्या कौमार्याच्या बदल्यात अंगावर एक सदरा तेवढा मागते.

क्लापिश-झुबेरचे म्हणणे मी मान्य करतो, पण पूर्ण नाही. तिच्या मांडणीत बाई म्हणजे नुसती खुंटी होऊन जाते. आलेस्सान्द्राच्या पत्रातला आनंद मात्र खोटा वाटत नाही. नवऱ्याविना पोरे वाढवलेल्या बाईला त्या चारशे फ्लोरिनांत आपल्या घराची परत आलेली पत दिसत होती. तो झगा उद्या उसवला जाणार हे तिलाही माहीत असणार. फ्लॉरेन्समध्ये ते कोणाला माहीत नव्हते? तरी तिने कापड, रंग, किंमत सगळे बारकाईने मुलाला कळवले. झगा घालणाऱ्या कातेरिनाला तो कसा वाटला, हे पत्रात नाही.