आकडा जुना, गाभा नवा?

संगणकाच्या पुस्तकांत ‘लिनक्स ही एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे’ असे वाक्य हमखास आढळते. व्यवहारात ते चालून जाते, पण काटेकोरपणे पाहिले तर ते अपुरे आहे. लिनक्स हे मुळात फक्त गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रॅमला द्यायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, डिस्क आणि कळफलक यांच्याशी कसे बोलायचे, ही कामे कर्नल करतो. त्याच्याभोवती आज्ञा देण्याची साधने, प्रोग्रॅमना लागणारी ग्रंथालये, खिडक्यांचा पडदा आणि नवे प्रोग्रॅम बसवण्याची व्यवस्था रचली म्हणजे वापरण्याजोगी प्रणाली तयार होते. या जुळणीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ही त्याची परिचित उदाहरणे.

साहजिकच प्रत्येक संगणकावर दोन आवृत्ती-क्रमांक नांदतात: एक डिस्ट्रिब्यूशनचा, दुसरा कर्नलचा. बाटलीवरच्या चिठ्ठीने आतल्या द्रव्याविषयी खरे सांगावे, ही प्रयोगशाळेतली साधी अपेक्षा. कर्नलचा आकडा या कसोटीला कितपत उतरतो, ते येथे तपासू या.

दोन घड्याळे

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली कर्नलची सुरुवात केली. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली. आता साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि त्यांपैकी मोजक्या आवृत्त्यांना काही वर्षे दुरुस्त्या पुरवल्या जातात. डिस्ट्रिब्यूशनचे घड्याळ वेगळे. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. ऑगस्ट २०२१ मधील डेबियन ११ मध्ये कर्नल ५.१० होता, जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये ६.१, तर ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये ६.१२. उबुंटू २२.०४ या नावात तर केवळ वर्ष आणि महिना आहे.

येथे गणिताच्या शिक्षकांना एक गंमत सापडेल. ५.१० हा दशांश अपूर्णांक नव्हे. ५.९ नंतर ५.१० येते आणि ती ५.१ पेक्षा पुष्कळ नवी असते. पहिला अंक बदलला म्हणजे मोठी क्रांती झाली, असेही नाही. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० आली, पण तो बदल मुख्यतः लांबलेले आकडे आटोपशीर करण्यासाठी होता.

ही दोन घड्याळे स्वतंत्र चालू शकतात, याचे कारण टोरवाल्ड्स यांचा एक कडक नियम. कर्नलमधील बदलामुळे वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. म्हणून जुन्या डिस्ट्रिब्यूशनवर नवा कर्नल सहसा चालतो. उबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये ५.१५ घेऊन आली, आणि त्याच २२.०४ साठी पुढे ६.८ हा कर्नलही उपलब्ध झाला. तेव्हा डिस्ट्रिब्यूशनचे नाव कळले म्हणजे कर्नल कळला, असे म्हणता येत नाही.

जुन्या मुखपृष्ठाखालचा नवा मजकूर

खरी अडचण पुढेच आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ही जून २०१४ मध्ये कर्नल ३.१० घेऊन आली. मूळ प्रकल्पाने ३.१० च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवल्या. या डिस्ट्रिब्यूशनची नियमित देखभाल मात्र जून २०२४ पर्यंत चालली आणि तोवर आकडा ३.१० हाच राहिला. मग इतकी वर्षे जुनाच कर्नल चालला काय? नाही. नव्या कर्नलमधील दुरुस्त्या आणि काही सोयीसुद्धा निवडून जुन्यात बसवल्या जात होत्या. या कामाला बॅकपोर्टिंग म्हणतात. तिसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ तसेच ठेवून आत सातव्या आवृत्तीचे शुद्धिपत्र आणि काही प्रकरणे शिवावीत, तसा हा प्रकार.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. साध्या वापरकर्त्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळवून देणारी ही चूक २००७ सालच्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती. त्या वेळच्या ताज्या मालिकेत ती ४.८.३ मध्ये दुरुस्त झाली. रेड हॅटने हीच दुरुस्ती ३.१०.०-३२७.३६.३ मध्ये दिली. फक्त ‘३.१०’ वाचणारा हा संगणक असुरक्षित ठरवील, आणि त्याचा निष्कर्ष चुकेल. येथे महत्त्व शेपटातल्या आकड्यांना आहे.

गुण आणि दोष

आकडा गोठवण्यामागे समर्थनीय कारण आहे. टोरवाल्ड्स यांचा नियम वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमपुरता आहे. कर्नलची अंतर्गत रचना मात्र बदलत राहते. त्यामुळे कर्नलबाहेर लिहिलेले, एखाद्या उपकरणासाठीचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत बंद पडू शकतात. महागडे मोजमापाचे यंत्र संगणकाला जोडून वर्षानुवर्षे निरीक्षणे घेणाऱ्या आम्हा संशोधकांना या स्थैर्याचे मोल ठाऊक आहे. बँकांना आणि रुग्णालयांनाही ते हवे असते.

पण दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला, नव्या कोडसाठी लिहिलेली दुरुस्ती जुन्या कोडमध्ये लावणे हे कलम करण्यासारखे आहे. भोवतालची रचना वेगळी असल्याने नवी चूक शिरू शकते. शिवाय असा कर्नल मूळ प्रकल्पाच्या कर्नलपासून दूर जातो आणि त्याच्या तपासणीचा भार मुख्यतः एका कंपनीवर पडतो. दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. रेड हॅटने सहाव्या आवृत्तीपासून कर्नलचा स्रोत सगळी ठिगळे आधीच एकत्र मिसळून देण्यास सुरुवात केली. ही गोष्ट २०११ मध्ये चर्चेत आली. स्रोत मिळत होता, पण कोणते ठिगळ कशासाठी लावले, हे बाहेरच्या अभ्यासकाला वेगळे करून पाहणे अवघड झाले. निष्कर्ष छापावा आणि प्रयोगवही कपाटात ठेवावी, अशातली ही गोष्ट.

याउलट डेबियन आपली ठिगळे वेगळी ठेवते आणि शक्यतो मूळ प्रकल्पाच्या दीर्घकालीन मालिकेबरोबर चालते. दुरुस्त्या आल्या की ६.१ नंतरचा तिसरा आकडा वाढतो आणि चिठ्ठी बरीचशी खरी राहते. आर्चसारखी डिस्ट्रिब्यूशने जवळजवळ ताजा कर्नल देतात. तेथे आकडा अधिक बोलका असतो, पण सततचे बदल सोसण्याची तयारी लागते.

आमचे मत असे की, आवृत्ती गोठवणे हा दोष नव्हे; शिवण लपवणे हा दोष आहे. शाळेच्या संगणककक्षासाठी दीर्घकालीन मालिकेबरोबर चालणारी डिस्ट्रिब्यूशन बरी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही डिस्ट्रिब्यूशनही डेबियनवर आधारलेली आहे.

वर्गात काय करता येईल?

लिनक्स असलेल्या संगणकावर ‘युनेम’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय जोडून कर्नलचा पूर्ण क्रमांक विद्यार्थ्यांना उतरवून घेऊ द्यावा. ‘ओएस-रिलीज’ या फाइलमधून डिस्ट्रिब्यूशनचे नाव घ्यावे. दोन्हींच्या प्रकाशनाच्या तारखा शोधून फरक काढावा. मग प्रणाली अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा, कारण नवा कर्नल सहसा त्यानंतरच कामाला लागतो. कोणते अंक बदलले आणि कोणते तसेच राहिले, याची नोंद ठेवावी. आकडा केवढा, यापेक्षा शेवटची दुरुस्ती कधी आली आणि ती आणखी किती काळ मिळणार आहे, हे प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर या तासाचे चीज झाले असे समजावे.