दात्तामित्री : नामसाम्य आणि स्थाननिर्णय

भिवंडी तालुक्यातील खारबावच्या वायव्येस शूर्पारक आणि आग्नेयेस कल्याण ही प्राचीन बंदरे होत. दोहोंचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. या पट्ट्याच्या अभ्यासकास घाटावरील यवनांचे लेख म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. त्यांपैकी नाशिकच्या सतराव्या लेण्यातील लेखाचा येथे विचार करावयाचा आहे.

लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा पुत्र. तो स्वतःस यवन, उत्तरेकडील व दात्तामित्रीचा रहिवासी म्हणवितो. दात्तामित्री म्हणजे डेमेट्रियस राजाच्या नावाचे डेमेट्रियास नगर, हे समीकरण ग्राह्य वाटते. मात्र डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात हे नगर सिंधमध्ये मानून त्यावर डेमेट्रियसच्या दिग्विजयाचे चित्र उभारले. आमचा आक्षेप या दुसऱ्या पायरीस आहे.

राजनामांकित नगरे एकाहून अधिक असत. सेल्यूकसने पित्याच्या नावे सोळा अँटिओक व स्वतःच्या नावे नऊ सेल्यूकिया वसविल्याचे ॲपियन सांगतो. डेमेट्रियास नावाचे एक नगर थेसलीत होते. पण त्याचा संस्थापक मॅसिडोनियाचा निराळाच डेमेट्रियस. दुसरे नगर खारॅक्सचा इसिडोर अराकोसियात, म्हणजे आजच्या कंदाहारच्या परिसरात, नोंदवितो. सिंधच्या बाजूने मुख्य आधार उरतो तो पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या टीकेचा. ती दात्तामित्रीचे उदाहरण सौवीरविषयक सूत्राखाली देते. परंतु ही टीका लेखानंतर कित्येक शतकांची आहे.

नामसाम्य किती फसवे असते, याचा दाखला आपल्याजवळच आहे. अहमदनगर निजामशाहीच्या अहमदने वसविले. गुजरातेत ज्यास १९१२ पासून हिंमतनगर म्हणतात, तेही पूर्वी अहमदनगरच होते, पण ते गुजरातच्या सुलतान अहमदशहाचे. उद्या केवळ ‘अहमदनगरकर’ एवढाच शब्द कोरलेली शिळा सापडली, तर तिच्यावरून गाव ठरणार नाही, आणि राजाही ठरणार नाही.

टार्न यांच्या विजयचित्रास अवध किशोर नारायण यांनी १९५७ मध्ये विरोध केला, तो या दृष्टीने योग्यच होता. लेखाची निश्चित साक्ष एवढीच : ग्रीक राजाच्या नावाच्या नगरातून आलेला एक यवन भारतीय नाव धारण करतो, पित्याचेही नाव भारतीय सांगतो आणि प्राकृतात आपले दान नोंदवितो. ही साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासास मोलाची आहे. तिला एका राजाच्या अप्रमाणित स्वारीचा पुरावा करणे हा तिच्यावर अन्याय होय.