तेलबियांचे खाद्य आणि दुधाचा कस : एक परामर्श

तेलबिया चारल्याने दुधाचा कस वाढतो, हे विधान पशुसंवर्धनविषयक लेखनात वारंवार आढळते. ते सर्वस्वी असत्य नव्हे. तथापि ‘कस’ या एकाच शब्दात स्निग्धांशाचे प्रमाण आणि स्निग्धांशाचे स्वरूप या दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाल्यामुळे ते दिशाभूल करणारे ठरते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तर ही गल्लत गोपालकाच्या पदरी तोटा घालणारी आहे.

प्रथम स्वरूपाचा विचार करू. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. गायीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव त्यातील बहुतांश भागाचे रूपांतर करून टाकतात. दुधात उतरतो तो अल्प अंश. तेवढ्यानेही स्निग्धांश अधिक असंतृप्त व लोणी मऊ होते. परंतु प्रमाण वाढतेच असे नाही. आहाराच्या शुष्कांशात तेल सुमारे ६ ते ७ टक्क्यांच्या पलीकडे गेले, की तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावते आणि दुधातील स्निग्धांश उलट घटू शकतो.

महाराष्ट्रातील कापूसपट्ट्याने याचा पुरावा पूर्वीच दिला आहे. सरकीवर पोसलेल्या जनावरांच्या तुपाचा रायकर्ट अंक कमी भरे आणि निर्भेळ तूपही सर्वसाधारण कसोटीला भेसळीचे वाटे. म्हणूनच १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली कापूसपट्ट्यातील तुपासाठी वेगळी मर्यादा मान्य करावी लागली. खाद्याने दुधाचे स्वरूप पालटते, याची ही शासनमान्य कबुलीच होय.

आता स्थानिक परिस्थिती पाहावी. तेलबियांचे बहुतेक गाजलेले प्रयोग भरपूर खुराक मिळणाऱ्या, अधिक दुधाळ गायींवर झाले आहेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या धानाच्या पट्ट्यातील गाय मुख्यतः तणसावर व रानातील चराईवर जगते. कठाणी गाय तर दुधापेक्षा बैलांसाठीच अधिक राखली जाते. तणसात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. अशा गायीची पहिली उणीव तेलाची नसून प्रथिनांची आहे. धानात उतेरा म्हणून पेरलेले जवस सबंध चारण्यापेक्षा तेल काढून ढेप चारणे, हाच येथे युक्त मार्ग दिसतो. मोहाच्या बियांची ढेप मात्र सॅपोनिनमुळे जशीच्या तशी चारण्यास योग्य नाही.

शिवाय संकलन केंद्रावर दुधाचा दर स्निग्धांश व स्निग्धेतर घनांश यांवर ठरतो. मेदाम्लांची प्रत तेथे मोजली जात नाही. जवस खर्चून स्वरूप सुधारणाऱ्यास त्याचा मोबदला नाही, आणि स्निग्धांश घटल्यास दंड मात्र आहे.

सारांश, या भागातील पुढील प्रयोगांनी तणस हाच मूळ आहार धरावा, आणि दुधाचे माप, स्निग्धांशाचे प्रमाण व त्याचे स्वरूप यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. तोपर्यंत ‘कस वाढतो’ हा निष्कर्ष शिफारस म्हणून गोपालकापुढे ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही.